घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड

आत्याला कुठलीच नवी गोष्ट पहिल्या भेटीत आवडत नाही. गणपती आटोपून ती आमच्याकडे अमेरिकेत आली आणि दोन आठवड्यांत तिने बॉस्टनची मेट्रो, इथली कोथिंबीर आणि आमचा डिशवॉशर अशा तिघांना नापास केलं. राजापूरजवळच्या खेड्यात छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. नापास करताना तिचा हात कधी थरथरला नाही. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिला अडीच तासांवरचा लाकडी पूल दाखवायला नेताना मी जरा धास्तावलोच होतो. "पूल बघायला एवढ्या लांब?" हे तिने न्यू हॅम्पशरची हद्द लागायच्या आत तीनदा विचारून घेतलं.

मी स्वतः त्या पुलावर पाच-सहा वेळा गेलेलो. दर वेळी फोटो काढायचे, पलीकडे जाऊन कॉफी प्यायची आणि परत यायचं, एवढंच. कॉर्निश हे न्यू हॅम्पशरमधलं गाव, विंडसर व्हरमाँटमधलं. दोघांच्या मधून कॉनेटिकट नदी वाहते आणि तिच्यावर हा सुमारे साडेचारशे फुटांचा, डोक्यावर पत्र्याचं छप्पर आणि दोन्ही अंगांना फळ्यांच्या भिंती असलेला पूल आहे. नदीच्या मधोमध एकच दगडी खांब, बाकी सगळं दोन झेपांत पार. लांबून बघितलं तर कुणीतरी गवताचा लांबलचक गोठा उचलून नदीवर आडवा ठेवलाय असं वाटतं. मागे माउंट ॲस्कटनीचा डोंगर. ऑक्टोबरात तो डोंगर असा काही पेटलेला असतो की फोटो वाईट येणं अवघड.

आत्याने डोंगराकडे पाहिलं नाही. ती पुलाच्या तोंडाशी वर लावलेली पाटी वाचत होती. घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड, अशा अर्थाची ती जुनी सूचना आहे.

"घोडे चालवत म्हणजे?"

"दौडवायचे नाहीत. पावलांनी न्यायचे."

"का?"

का, ते मला ठाऊक होतं. घोडा दुडक्या चालीने धावू लागला की टापांचा एक ठेका धरला जातो. गाडीला जुंपलेले दोन-चार घोडे एकाच ठेक्यात पडले तर पुलालाही तोच ठेका लागतो आणि सांधे खिळखिळे होतात. पलटण पुलावरून जाताना कदम मोडून चालते तसंच हे. आणि तेव्हाचे दोन डॉलर म्हणजे थट्टेवारी नेण्याजोगी रक्कम नव्हती.

"आणि छप्पर?" आत्याने विचारलं. "लोक भिजू नयेत म्हणून?"

आलेला प्रत्येक पाहुणा हे विचारतो. गावागावात त्याची वेगवेगळी उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, खालचं पाणी पाहून घोडे बुजायचे म्हणून. कुणी म्हणतं, बर्फ साचून पूल मोडू नये म्हणून. कुणी डोळे मिचकावून सांगतं, घोडागाडीतल्या जोडप्यांना दोन मिनिटं आडोसा मिळावा म्हणून. त्यावरून इथे या पुलांना चुंबनाचे पूल म्हणायची पद्धत पडली आणि टी-शर्टांवर, कपांवर ती अजून विकली जाते. मला स्वतःला हा गोडवा फार सोसत नाही. कॅनडात न्यू ब्रन्सविकमध्ये हार्टलंड नावाच्या गावी जगातला सर्वांत लांब छपरी पूल आहे, ३९१ मीटरचा. तो १९०१ मध्ये उघडाच बांधला होता. वीसेक वर्षांनी त्यावर छप्पर घालायचं ठरलं तेव्हा अंधारात तरुण पोरं बिघडतील म्हणून विरोध झाला होता, असं सांगतात. म्हणजे या विषयात लोकांचं डोकं पहिल्यापासून तिकडेच धावायचं.

मी हे सगळं आत्याला सांगायला तोंड उघडलं, तोवर ती पुलाच्या आत शिरली होती.

आत अंधार. बाहेरच्या लख्ख उन्हातून गेल्यावर क्षणभर काही दिसत नाही, मग हळूहळू डोळे सरावतात. भिंतीच्या फळ्यांमधल्या फटींतून, मधूनमधून ठेवलेल्या लहान झरोक्यांतून उजेडाच्या पट्ट्या आत पडलेल्या असतात आणि त्यांत धूळ तरंगत असते. वास कुठल्याशा जुन्या वखारीचा. गाड्या अजूनही यावरून जातात, दोन्ही बाजूंनी, दिवे लावून. गाडी आली की पायाखालची जमीन गुरगुरते. आम्ही एका कडेला अंग चोरून उभे राहिलो. एका पिकअप ट्रकवाल्याने आत्याची नऊवारी पाहून गाडी इतकी हळू केली की पाटीवरच्या घोड्यांनाही लाज वाटली असती.

आत्याने भिंतीवर हात ठेवला. भिंत म्हणजे बाहेरच्या फळ्या नव्हेत. त्यांच्या आतली खरी ताकद. जाड, चौकोनी वासे तिरपे उजवीकडे झुकलेले, त्यांना छेदत तेवढेच वासे डावीकडे झुकलेले, अशी टोकापासून टोकापर्यंत एक प्रचंड जाळी. आपल्याकडे कुंपणाला बांबूच्या कामट्यांची तिरपी जाळी करतात ना, ती हत्तींसाठी केली असती तर अशी दिसली असती. जिथे वासे एकमेकांना छेदतात तिथे खाचा पाडून ते एकमेकांत बसवलेत.

ही जाळी इथिएल टाउन नावाच्या वास्तुरचनाकाराची. कॉनेटिकट राज्यातला हा माणूस. त्याने १८२० मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. त्याच्या आधी लाकडी पूल बांधायचा म्हणजे मोठमोठाले सोट, कमानी, अवघड सांधे आणि ते सांधे जमणारा मुरलेला सुतार शोधणं आलं. टाउनने साध्या, एकसारख्या फळ्या आडव्यातिडव्या लावून लाकडी खुंट्यांनी ठोकायची युक्ती काढली. खळी-गोठे बांधणाऱ्या कुठल्याही गावच्या सुताराला जमावी अशी. मग तो स्वतः पूल बांधत बसला नाही, हक्क विकत फिरला. फुटामागे एक डॉलर. आणि न विचारता बांधलेला सापडला तर फुटामागे दोन, असा त्याचा हिशेब सांगितला जातो. हा दोन डॉलरांचा दंड त्या भागात फारच लोकप्रिय दिसतो.

कॉर्निश-विंडसरच्या पुलावर मात्र फळ्यांऐवजी जाड वासे वापरलेत. ते काम जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर या दोघांचं, साल १८६६, खर्च ९,००० डॉलर. टास्कर कॉर्निशचाच. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं असं स्थानिक इतिहास सांगतो. या माणसाने आधी विंडसरकडच्या एका कुरणात जमिनीवर अख्खी जाळी मांडली, एकेक सांधा जुळवून पाहिला, मग सगळं सुटं करून नदीवर नेलं आणि पुन्हा जोडलं. कुरणात अंथरलेली ती जाळी कशी दिसली असेल, हे मी नेहमी डोळ्यांसमोर आणू पाहतो. गावातली पोरं तिच्यावरून उड्या मारत गेली असणार, यात मला तरी शंका नाही.

त्याच जागी त्याआधी तीन पूल होऊन गेले होते, १७९६, १८२४ आणि १८४९ चे. तिन्ही पुराने नेले. हा चौथा.

आत्या तोवर एका झरोक्यातून बाहेर डोकावून फळ्यांची बाहेरची बाजू चाचपत होती. ऊन-पावसाने करड्या पडलेल्या, कडा उसवलेल्या फळ्या. मग तिने हात आत घेतला आणि आतल्या वाशावर बोटाच्या पेराने टकटक केलं, नारळ वाजवून बघावा तसं.

"अरे, ही तर झापं आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मातीच्या भिंतीला पावसाळ्यापूर्वी झापं बांधतात ना, तसं केलंय यांनी. वरचं कुजलं तर कुजू दे. आतलं कोरडं राहिलं पाहिजे."

मी गप्प. जे उत्तर मी जाडजूड पुस्तकातून, पावणेदोनशे पानं चाळल्यावर मिळवलं होतं, ते तिने दीड मिनिटात दिलं होतं.

ज्यांचं बालपण कोकणात गेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या जुन्या घराच्या भिंती मातीच्या होत्या. कौलं डोक्यावरचा पाऊस अडवायची, पण कोकणातला पाऊस डोक्यावर कमी आणि तोंडावर जास्त येतो. पश्चिमेकडून आडवी झड आली की भिंत भिजायची, आणि एकदा भिजलेली मातीची भिंत म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. म्हणून मृगाच्या आधी बांबूच्या काठ्या उभ्या करून त्यांवर माडाची विणलेली झापं सुंभाने बांधायची. चार महिने घर आतून काळोखं. दिवाळीच्या आसपास ती काढली की ती झापं पार काळी, चिकट, भुसभुशीत झालेली असायची आणि मागची भिंत जशीच्या तशी. झापं न्हाणीच्या चुलीत जायची.

पुलाचंही नेमकं तेच. लाकूड नुसत्या पाण्याने तितकं मरत नाही. भिजणं, सुकणं, पुन्हा भिजणं, सांध्यात पाणी मुरून राहणं आणि तिथे बुरशी धरणं, हे त्याला मारतं. आणि अशा जाळीत सांधेच सांधे. फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीवर १८०५ मध्ये टिमथी पामर या पूल बांधणाऱ्याचा मोठा लाकडी पूल खुला झाला. तो झाकायचा आग्रह तिथले न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी धरला होता. ते त्या पुलाच्या कंपनीचे अध्यक्षही होते. पामरचाही अंदाज तोच होता, की उघडा ठेवला तर दहा-बारा वर्षं, झाकला तर तीस-चाळीस. अमेरिकेतला पहिला छपरी पूल म्हणून त्याचंच नाव घेतात. पामरचा अंदाज फारच भिडस्त निघाला म्हणायचं. टास्करचा पूल दीडशे वर्षं ओलांडून गेलाय.

म्हणजे छप्पर माणसांसाठी नाही, घोड्यांसाठी नाही, प्रेमिकांसाठी तर नाहीच. पुलाचं अंग कोरडं राहावं म्हणून. भिंतीच्या फळ्या बदलत्या राहायच्या, पत्रा बदलता राहायचा. तेच त्यांचं काम.

बर्फाचा किस्सा मी आत्याला परतीच्या वाटेवर सांगितला, आणि या सहलीत ती खळखळून हसली ती त्यावर. हिवाळ्यात इथे सगळा व्यवहार घसरगाड्यांवर चालायचा. रस्त्यावर दाबून बसवलेला बर्फ, त्यावरून गाडी सुळकन जायची. पण छपरी पुलाच्या आत बर्फ पडणार कसा? कोरड्या फळ्यांवर घसरगाडीचे पाय घासटून घोडा जागीच थांबायचा. म्हणून गावं पैसे देऊन माणूस ठेवायची, आणि तो बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून पुलावर अंथरायचा.

"आधी छप्पर घालायचं आणि मग बर्फ आत आणून टाकायचा!" आत्या म्हणाली. "आपली ग्रामपंचायतच की."

पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक गंमत आहे, ती मी दर वेळी पाहुण्यांना दाखवतो. माणसाला वाटतं की नदीच्या मध्यावर राज्याची हद्द असेल. तशी नाही. तिसऱ्या जॉर्ज राजाने १७६४ मध्ये नदीचा पश्चिम काठ ही न्यू हॅम्पशरची सीमा ठरवली, आणि ते भांडण पुढे थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९३३ मध्ये मिटलं: पश्चिमेकडे पाणी जिथवर ओसरतं ती रेघ. सबंध नदी न्यू हॅम्पशरची. त्यामुळे पुलावरून चालताना शेवटची काही पावलं उरेपर्यंत तुम्ही न्यू हॅम्पशरमध्येच असता. मी आत्याला एका फळीवर उभं करून "आता तुझा एक पाय व्हरमाँटात" असं सांगितलं. ती फळी तीच होती की दोन हात पुढची, हे देव जाणे.

हद्दीमुळे पुलाचा भारही न्यू हॅम्पशरवर पडला. १८६६ चा पूल खासगी कंपनीचा होता, टोल घेणारा. भागधारकांनी नफ्यासाठी काढलेला धंदा, यात कवितेसारखं काही नव्हतं. १९३६ मध्ये राज्याने तो विकत घेतला आणि १९४३ मध्ये टोल बंद केला. टोलनाका एकदा बसला की उठतो, याचं उदाहरण म्हणून हे मी पुण्याच्या मित्रांना आवर्जून सांगतो.

विंडसर गाव लहान आहे, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. १७७७ मध्ये व्हरमाँटची राज्यघटना इथल्या एका खानावळीत मंजूर झाली, आणि प्रौढ माणसाला गुलाम म्हणून बांधून ठेवता येणार नाही असं कलम तिच्यात होतं. ती खानावळ अजून उभी आहे. १८४६ मधली बंदुकांच्या कारखान्याची विटांची इमारतही आहे. एका बंदुकीचा भाग दुसरीला बिनचूक बसावा, इतके तंतोतंत सुटे भाग यंत्रावर करायचं तंत्र तिथे घडलं. आता तिथे यंत्रांचं संग्रहालय आहे. आत्याला त्यात रस नव्हता, तिला चहा हवा होता. मिळाला तो गरम पाण्याचा कप आणि दोऱ्याला लटकलेली पिशवी. नापास.

तो कप समोर असतानाच पुलाबद्दल आमचा वाद झाला. १९७७ मध्ये पूर आणि बर्फाच्या माऱ्याने पूल जायबंदी झाला, दुरुस्त झाला. १९८७ मध्ये तो वाहतुकीला बंदच करावा लागला, कारण मधे पोट सुटल्यासारखा तो खाली झुकला होता. दोन वर्षं काम चाललं आणि डिसेंबर १९८९ मध्ये पूल पुन्हा खुला झाला. खर्च सुमारे ४४.५ लाख डॉलर. मूळ किमतीच्या जवळजवळ पाचशे पट, अर्थात डॉलरही मधल्या काळात पार बदललेला. या दुरुस्तीत सगळं लाकूड जुन्या तऱ्हेचं नव्हतं. पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेल्या नव्या जातीच्या तुळयाही त्यात घातल्या. मला हे खुपतं. टास्करच्या पुलात डिंकाने चिकटवलेलं लाकूड? मग हा १८६६ चा पूल कसा?

"झापं बदलली तर घर नवं होतं का?" आत्या म्हणाली.

"झापं नाही गं, आतली तुळई बदलली."

ती थोडा वेळ पिशवी बुचकळत राहिली. "आमचं आढं बदललं होतं. तू पाचवीत होतास. तुला नंतर कधी घर परकं वाटलं?"

मला आढं बदललेलंच आठवत नव्हतं.

तरी माझं पूर्ण समाधान झालेलं नाही, आणि ते करून घ्यायची मला घाईही नाही. याच व्हरमाँटमध्ये बार्टन्सव्हिल इथे १८७० चा एक जाळीचा पूल होता. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाच्या पुरात तो गेला. काठावर उभ्या असलेल्या कुणीतरी ते चित्रित केलं होतं. एक टोक खचतं, अख्खा पूल छपरासकट, एखादा म्हातारा खुर्चीतून उठावा तसा हळू हलतो आणि पाण्यात बसतो. मागे बघणाऱ्यांचा आक्रोश ऐकू येतो. छप्पर वरच्या पाण्यासाठी असतं. खालून येणाऱ्या पाण्यापुढे त्याचं काय चालणार? २०१३ मध्ये गावाने तिथे पूल पुन्हा उभा केला, लाकडाचा, त्याच जाळीचा, छपरासकट. सिमेंटचा स्वस्तात झाला असता की नाही, या हिशेबात मी शिरत नाही. तो नवा पूल मी पाहिलाय. त्याचं लाकूड इतकं पिवळंधमक आहे की तिथे उभं राहिल्यावर टास्करचा पूल पहिल्या वर्षी कसा दिसला असेल ते कळतं.

आमच्या गावच्या वहाळावर मी लहान असताना साकव होता. पोफळीची खोडं शेजारीशेजारी टाकून, वेलींनी बांधून, हाताला धरायला एक आडवा बांबू. पावसाळ्यात तो वाहून जायचा आणि पाऊस सरला की घराघरातला एकेक माणूस येऊन नवा बांधायचा. कुणी त्याला छप्पर घालायच्या भानगडीत पडलं नाही, आणि तेही बरोबरच होतं. परतताना मी आत्याला विचारलं, तो साकव अजून बांधतात का. "सिमेंटचा झालाय," ती म्हणाली, "दोनदा." या 'दोनदा'वर तिने पुढे काही भाष्य केलं नाही.

तिने पुलाला पास केलं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढंच, की निघताना तिने गाडी पुन्हा एकदा पुलावरून न्यायला लावली आणि "चालवत" असं बजावलं. मी अगदी मुंगीच्या पावलांनी नेली. मागच्याने हॉर्न वाजवला.

नाताळच्या आधी ती परत गेली. पुढच्या जूनमध्ये, मृग लागायच्या दोन-तीन दिवस आधी, व्हॉट्सॲपवर तिचा फोटो आला. घराची पश्चिमेची भिंत. झापं विणणारं आता गावात कुणी उरलेलं नाही, त्यामुळे भिंतीवर निळी ताडपत्री ताणून बसवलेली, कडांना प्लॅस्टिकची दोरी, मधेच कुठल्याशा उमेदवाराच्या जुन्या फ्लेक्सचा तुकडा ठिगळासारखा लावलेला, त्याचा हात जोडलेला अर्धा नमस्कार दिसतोय. आणि पडवीच्या खांबाला टांगलेली शाळेची जुनी पाटी. खडूने, तिच्या त्या गोल, वळणदार फळ्यावरच्या अक्षरात लिहिलेलं: 'घोडे चालवत न्या. दंड रु. २.'